अथेन्स आणि जेरुसलेम : दोन हजार वर्षांचा दावा

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानातल्या इझनिक नावाच्या लहानशा गावाचं नाव जगभरच्या बातम्यांत झळकलं. २८ तारखेला पोप लिओ चौदावे आणि कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क, म्हणजे पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख धर्मगुरू, बार्थोलोम्यू तिथल्या तळ्याकाठी, पाण्यात सापडलेल्या एका प्राचीन चर्चच्या अवशेषांपाशी, एकत्र प्रार्थनेला उभे राहिले. निमित्त होतं १७०० वर्षांपूर्वीच्या एका बैठकीचं. इझनिकचं जुनं नाव नायसिया. इ.स. ३२५ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने अडीचशे-तीनशे बिशपांना तिथे बोलावून घेतलं. येशू ख्रिस्त आणि देवपिता यांचं नातं नेमकं काय, यावर त्यांनी एक मजकूर मंजूर केला. त्यातला सगळ्यात वादग्रस्त शब्द बायबलमध्ये कुठेच नव्हता. तो ग्रीक विचारवंतांच्या परिभाषेतून उचललेला होता.

बातमी वाचून कुणालाही प्रश्न पडावा. गालील प्रांतातल्या कोळ्यांमध्ये आणि जकातदारांमध्ये सुरू झालेला हा धर्म. तीनशे वर्षांत तो 'सत्त्व' म्हणजे काय यावर हमरीतुमरीवर कसा आला? आणि त्याचा आजच्या युरोप-अमेरिकेच्या विचारांशी संबंध काय?

पाठ्यपुस्तकी उत्तर तयार असतं: ग्रीकांनी बुद्धी दिली, ख्रिस्ती धर्माने नीती दिली, दोन्हींचं मिश्रण झालं आणि त्यातून पाश्चात्त्य विचार घडला. मला हे उत्तर पटत नाही. मिश्रण पूर्ण असं कधी झालंच नाही. झाला तो एक लांबलचक दावा. त्याच्या तारखा पडत गेल्या, वकील बदलत गेले, आणि आज ज्यांना आपण पाश्चात्त्य कल्पना म्हणतो त्यातल्या कितीतरी कल्पना या सुनावण्यांमध्येच जन्मल्या.

दोन पक्षकार

ग्रीकांना साधारण इ.स.पू. सहाव्या शतकापासून एक खोड लागली होती. गोष्ट ऐकून गप्प बसायचं नाही, कारण विचारायचं. 'झ्यूसची मर्जी' हे उत्तर मिलेटस शहरातल्या थेलीससारख्यांना पुरेनासं झालं. पुढे प्लेटो म्हणाला, डोळ्यांना दिसतं ते सगळं बदलतं आणि नासतं. खरं तेच, जे बदलत नाही. आपण काढलेलं प्रत्येक वर्तुळ कुठेतरी वाकडंच येतं, पण वर्तुळाची कल्पना निर्दोष असते. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल जमिनीवरचा माणूस. त्याने लेस्बॉस बेटावर मासे आणि शिंपले तपासले, तर्काचे नियम बसवले आणि वस्तूचं सार वस्तूतच शोधायचं ठरवलं. नंतर आलेल्या स्टोइक पंथाच्या मते सगळ्या विश्वात एकच बुद्धी भरून राहिली आहे. तिला ते लोगॉस म्हणत.

या मंडळींत आपसात भांडणं काही कमी नव्हती. तरी बहुतेकांना एक गोष्ट मान्य होती. सर्वोच्च सत्य हे कालातीत असतं आणि माणसाला ते विचार करून गाठता येतं. अशा सत्याला तारीखवार नसतो.

दुसऱ्या पक्षाचं सगळंच तारीखवार. ज्यू धर्मग्रंथ मुख्यत्वे घटना सांगतात: इजिप्तमधून सुटका, देवाशी झालेला करार, जेरुसलेमचा पाडाव, बॅबिलोनमधला बंदिवास. ख्रिस्ती लोकांनी याच परंपरेत आणखी एका घटनेवर बोट ठेवलं. चर्चमध्ये आजही म्हटल्या जाणाऱ्या मतांगिकारात, म्हणजे 'आमची श्रद्धा ही अशी' हे ठरलेल्या शब्दांत सांगणाऱ्या मजकुरात, पंतय पिलाताचं नाव येतं. हा रोमन साम्राज्याच्या एका कोपऱ्यातला प्रांताधिकारी. कालातीत सत्याच्या मजकुरात एका सरकारी अधिकाऱ्याचं नाव कशाला, असं प्लेटोने नक्की विचारलं असतं. श्रद्धावंताचं उत्तर असं, की देव एका ठरावीक वर्षी, एका ठरावीक गावात माणूस झाला. नाव पुसलं तर घटनाच पुसली जाईल.

पहिली गाठभेट

हे दोन पक्ष समोरासमोर आले तो प्रसंग बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत आहे. इ.स. ५० च्या आसपास ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल अथेन्सला आला. स्टोइक आणि एपिक्युरियन विचारवंतांनी त्याला अरीयपग नावाच्या टेकडीवर बोलायला लावलं. पौल धूर्त वक्ता. 'अज्ञात देवाला' अशी अक्षरं कोरलेली एक वेदी त्याने शहरात पाहिली होती, तिथूनच त्याने सुरुवात केली. तुमच्याच कवींनी म्हटलंय की आपण देवाचे वंशज आहोत, असं म्हणून त्याने ग्रीक कवी अराटसची ओळही टाकली. श्रोते ऐकत होते. मग तो मेलेल्या माणसाच्या पुनरुत्थानावर आला, आणि काही जण हसू लागले. बाकीचे म्हणाले, यावर पुन्हा कधीतरी ऐकू. थोडेच लोक त्याच्यामागे गेले.

पुढच्या सगळ्या इतिहासाचा नमुना या एका भाषणात सापडतो. देव एक आहे, तो हातांनी बांधलेल्या देवळात राहत नाही, इथवर ग्रीक माना डोलावतात. तो देह धरतो, मरतो आणि देहासकट उठतो, इथे गाडी अडते.

घर कुणाचं?

ख्रिस्ती लेखकांपुढे मग दोन वाटा होत्या. कार्थेजचा तर्तुलियन इ.स. २०० च्या सुमारास गरजला, अथेन्सचं जेरुसलेमशी काय देणंघेणं? त्याच्या आधी जस्टिन नावाच्या माणसाने नेमकी उलटी वाट धरली होती. तो ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाची शाल पांघरून फिरत असे. लोगॉसनुसार जगलेला सॉक्रेटिस हाही एका अर्थी ख्रिस्तीच, असं त्याने लिहून ठेवलं. श्रद्धेपायी १६५ च्या सुमारास रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला, तेव्हा तो काही मवाळ माणूस नव्हता.

गंमत म्हणजे तर्तुलियनलाही वाट चुकवता आली नाही. आत्मा हा सूक्ष्म पण भौतिकच असतो हे त्याचं मत थेट स्टोइकांकडचं. देव एक आणि तरी तीन, हे सांगायला लॅटिनमध्ये जी परिभाषा पुढे रूढ झाली, तीही त्यानेच वापरात आणली.

मुंबईतल्या पागडीच्या खोल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे नातं चटकन कळेल. भिंती आणि छप्पर मूळ मालकाचे. भाडेकरू येतो, पोटमाळा काढतो, मोरी हलवतो, मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक करतो. तीन पिढ्यांनंतर ही जागा निव्वळ माझी असं मालकाला म्हणता येत नाही आणि भाडेकरूलाही येत नाही. खटला चालू राहतो, आणि दोघांपैकी जागा सोडायला कुणी तयार नसतं. ग्रीक विचाराच्या घरात श्रद्धा अशीच राहायला आली.

नायसियात नेमकं काय ठरलं?

अलेक्झांड्रियातला एरियस नावाचा धर्मगुरू एक अगदी तर्कशुद्ध गोष्ट सांगत होता. देव एकच, अनादि आणि न बदलणारा. जो जन्मतो त्याला सुरुवात असते. पुत्र हा पित्यापासून जन्मला, म्हणजे तो नव्हता असं कधीतरी होतंच. तेव्हा पुत्र कितीही थोर असला तरी तो निर्माण केलेलाच. जुने इतिहासकार सांगतात, की एरियसने आपली मतं गाण्यांत बांधली होती आणि ती खलाशी व दळण दळणारे यांच्यासाठी होती.

बिशपांनी त्याच्याविरुद्ध जो शब्द आणला तो होमोऊसिऑस, म्हणजे एकाच सत्त्वाचा. सत्त्व म्हणजे एखादी गोष्ट मुळात जे काही आहे ते. पुत्र पित्याहून खालच्या प्रतीचा नाही, पिता जे आहे तेच पुत्र आहे, असा त्याचा अर्थ. मतांगिकारात त्यासाठी 'प्रकाशापासून प्रकाश' असे शब्द आहेत.

आता कोण ग्रीक आणि कोण श्रद्धाळू ते बघा. आपल्याला वाटतं, तत्त्वज्ञानातला शब्द वापरणारे बिशप ग्रीक झाले. पण ग्रीकांना सोयीचं म्हणणं एरियसचं होतं! परमोच्च देव वर, अस्पर्श. मळक्या जगाशी व्यवहार करायला खालचा एक मध्यस्थ. होमोऊसिऑस म्हणणाऱ्यांनी ग्रीकांचाच शब्द घेऊन ग्रीकांना न पचणारं विधान केलं. जो रडला, तहानला आणि खिळ्यांनी ठोकला गेला, तो दुय्यम कुणी नसून साक्षात देवच, असं ते म्हणत होते.

बैठकीने वाद मिटला नाहीच. नायसियाचा खंदा पुरस्कर्ता अथनेशियस पुढे पाच वेळा हद्दपार झाला. खुद्द कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूच्या बिशपाकडून. मधल्या काळातल्या कॉन्स्टँटिनोपलचं वर्णन निसाच्या ग्रेगरीने करून ठेवलंय. सुटे पैसे मागायला जा, समोरचा जन्मलेल्या आणि न जन्मलेल्याबद्दल तत्त्वज्ञान ऐकवतो. पावाची किंमत विचारा, उत्तर येतं, पिता थोर आणि पुत्र कनिष्ठ. स्नानाचं पाणी तयार आहे का विचारा, तर म्हणे पुत्र शून्यातून निर्माण झाला. आपल्याकडे निवडणुकीच्या दिवसांत रिक्षावाल्याला पत्ता सांगितल्यावर जे होतं, त्याच्या जवळपासचं.

'काय' आणि 'कोण'

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं सत्त्व एक. मग ते तीन कसे? हा प्रश्न सोडवला आजच्या तुर्कस्तानात असलेल्या कॅपाडोशियातल्या तिघांनी: बेसिल, त्याचा भाऊ निसाचा ग्रेगरी आणि मित्र नाझिआन्झसचा ग्रेगरी. बेसिल आणि हा मित्र अथेन्सला शिकलेले. त्यांनी केलेली फोड मराठीत सोपी होते. 'काय आहे?' याचं उत्तर एक, 'कोण आहे?' याची उत्तरं तीन. तिघांना वेगळं करणारी गोष्ट म्हणजे त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं. पिता पुत्रामुळे पिता, पुत्र पित्यामुळे पुत्र.

हे वाचून डोकं गरगरलं तर हरकत नाही, पण यातून काय झालं ते महत्त्वाचं आहे. ॲरिस्टॉटलच्या हिशेबात नातं ही सगळ्यात हलकी गोष्ट. आधी वस्तू, मग तिचे गुण, आणि सगळ्यात शेवटी ती कुणाच्या डावीकडे किंवा कुणाहून मोठी. इथे नातंच एकदम मुळाशी जाऊन बसलं. आणि 'कोण' हे 'काय'पेक्षा वेगळं ठरलं. माणूस म्हणजे माणूसजातीचा एक नमुना, एवढ्यावर भागेना. प्रत्येकात एक न बदलता येणारा 'कोण' आहे, या व्यक्तीच्या कल्पनेची तात्त्विक घडण देवाविषयीच्या या किचकट वादात झाली. सहाव्या शतकात बोएथियसने व्यक्तीची व्याख्याच करून टाकली: बुद्धियुक्त स्वभावाचं स्वतंत्र अस्तित्व. त्यात बुद्धी ग्रीकांची, पण 'स्वतंत्र'वरचा जोर नव्या भाडेकरूचा.

हा घोळ मराठी माणसाला अगदीच परका नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि लगेचच त्रैक्यावरून प्रश्न विचारायला सुरुवात केली. देव एक तर तीन कसे, आणि हे बायबलमध्ये कुठे लिहिलंय? वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला, की शास्त्रार्थात तयार झालेलं डोकं सोळा शतकांपूर्वीच्या भांडणात कसं शिरतं ते दिसतं. चर्च सांगतं म्हणून मान्य, हे त्यांना मंजूर नव्हतं. पुढे त्या ग्रीक आणि हिब्रू शिकल्या. केडगावला बसून त्यांनी सबंध बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणलं, ते काम त्यांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत चाललं होतं.

"म्हणजे हा वेषांतर केलेला प्लेटोच ना?"

हा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. नीत्शेने १८८६ मध्ये लिहिलं, की ख्रिस्ती धर्म म्हणजे जनतेसाठी केलेला प्लेटोवाद. त्याच सुमारास जर्मन धर्मेतिहासकार आडोल्फ फॉन हार्नाक म्हणत होता, की चर्चचे सिद्धांत म्हणजे शुभवर्तमानाच्या जमिनीत ग्रीक बुद्धीने काढलेलं पीक. येशूची साधी शिकवण त्याखाली झाकली गेली, असा त्याचा सूर.

यात तथ्य आहे. ऑगस्टीनचंच बघा. हा आजच्या अल्जीरियातला. ३५४ चा जन्म. जग म्हणजे प्रकाश आणि अंधार यांचं युद्ध मानणाऱ्या मणिपंथात नऊ वर्षं घालवल्यावर मिलानमध्ये त्याच्या हाती प्लेटोवाद्यांची पुस्तकं पडली आणि त्यांनीच त्याला चर्चच्या दारापर्यंत आणून सोडलं. देव म्हणजे आकाशात पसरलेला कुठला तरी पदार्थ नव्हे, हे त्याला त्यांच्याकडून कळलं. पण आपल्या आत्मकथनात त्याने हिशेबही चोख मांडलाय. आरंभी लोगॉस होता, हे मला त्या पुस्तकांत सापडलं. तो देहधारी झाला, हे मात्र तिथे सापडलं नाही.

सगळी मेख त्या देहात आहे. प्लॉटायनस हा तिसऱ्या शतकातला सर्वांत मोठा प्लेटोवादी. त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्राचं पहिलंच वाक्य असं, की आपण देहात आहोत याची त्याला जणू लाज वाटे. सेल्सस नावाच्या ग्रीक टीकाकाराने दुसऱ्या शतकात देहाच्या पुनरुत्थानाला किड्यांना शोभेल अशी आशा म्हणून हिणवलं होतं. वेषांतर केलेल्या प्लेटोवर प्लेटोचेच लोक इतके का चिडावेत?

उलट बाजूचंही मान्य करायला हवं. देहाविषयीची ती किळस दारातून नाही तरी खिडकीतून आत आलीच. वासनेबद्दल ऑगस्टीनने जे लिहिलं त्याचं ओझं युरोपातल्या नवरा-बायकोंनी हजार वर्षं वाहिलं.

"चर्चने तत्त्वज्ञानाचा गळा घोटला नाही का?"

हायपेशिया हे नाव इथे येणारच. अलेक्झांड्रियातली ही गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ बाई ४१५ मध्ये ख्रिस्ती जमावाने मारली. त्यामागे शहरातलं राजकारण होतं, पण त्याने रक्त धुतलं जात नाही. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनने अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकवायला बंदी घातली आणि तिथले सात तत्त्वज्ञ इराणच्या बादशहाच्या आश्रयाला गेले.

चित्राचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. हायपेशियाचा लाडका विद्यार्थी सायनेसियस पुढे बिशप झाला. पद स्वीकारण्याआधी त्याने पत्रातून कळवून टाकलं, की माझी काही तात्त्विक मतं मी सोडणार नाही; पुनरुत्थानाचा लोक घेतात तो शब्दशः अर्थ मला मान्य नाही. तरीही त्याला बिशप केलं! आणि अथेन्स बंद झालं तरी अलेक्झांड्रियातलं अध्यापन चालूच राहिलं.

मला वाटतं, गळा घोटला हे म्हणणं आणि जपलं हे म्हणणं, दोन्ही अर्धवट. चर्चने आपल्या कामाचं ते ठेवलं, आणि कामाचं काय यावर दर शतकात मत बदललं.

बगदादमार्गे पॅरिस

अथेन्स ते पॅरिस असा सरळ रस्ता नव्हताच. पश्चिम युरोपात ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राचे थोडे भाग तेवढे उरले होते. बाकीचं भांडार नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत उतरलं. त्या कामाचा म्होरक्या हुनैन इब्न इशाक हा अरबी बोलणारा ख्रिस्ती वैद्य. नंतर इब्न सीना आणि कोर्दोबाचा इब्न रुश्द यांनी त्यावर भाष्यं लिहिली. बाराव्या-तेराव्या शतकांत, मुख्यतः स्पेनमधल्या तोलेदो शहरात, यातलं बरंच लॅटिनमध्ये आलं. मुसलमान आणि ज्यू विचारवंत वगळून पाश्चात्त्य विचाराची गोष्ट सांगणारा माणूस मधली पाचशे पानं फाडून पुस्तक वाचतोय.

पॅरिसमध्ये या मालाचं स्वागत बंदीने झालं. १२१० मध्ये ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवायला मनाई झाली, आणि १२५५ मध्ये तेच ग्रंथ तिथल्या विद्यापीठात अभ्यासक्रमाला लागले. पंचेचाळीस वर्षांत एवढी कोलांटउडी.

याच काळात थॉमस अक्वायनस हा धर्मपंडित तिथे शिकवत होता. त्याच्या लेखनात ॲरिस्टॉटल सहसा नावाने येत नाही. तो नुसता 'तत्त्वज्ञ'. इब्न रुश्द म्हणजे 'भाष्यकार'. त्याची पद्धत आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांसारखी, पूर्वपक्ष आधी. देव आहे का, हा प्रश्न घेतल्यावर तो पहिल्यांदा देव नाही असं म्हणणाऱ्यांची बाजू मांडतो, आणि तीही लेचीपेची करून नाही. एक, देव अमर्याद चांगला असेल तर जगात वाईट असायलाच नको होतं. दोन, निसर्गातल्या गोष्टींची कारणं निसर्गात सापडतात, माणसाच्या कृतींची माणसात. मग देवाची गरज काय? हे शब्द १२६० च्या दशकातल्या एका भिक्षूचे आहेत. आजचे निरीश्वरवादीही याच दोन मुद्द्यांवर येतात. त्याची उत्तरं पटोत न पटोत, प्रश्न त्याने टाळले नाहीत. ईश्वरी कृपा निसर्गाला मोडत नाही, पूर्ण करते, हे त्याचं सूत्र.

"मग विज्ञानाला अडवलं कुणी?"

गॅलिलिओचा खटला सगळ्यांना माहीत असतो. त्या गोष्टीत चर्च एका बाजूला आणि बुद्धी दुसऱ्या बाजूला असं चित्र असतं. पण गॅलिलिओ ज्याच्याशी भांडत होता तो बहुतांशी ॲरिस्टॉटल होता, चर्चने आपला मानलेला.

त्या ॲरिस्टॉटलला पहिले तडे श्रद्धेच्या बाजूने गेले होते. त्याच्या मते जग अनादि आहे आणि ते आहे तसंच असणं अपरिहार्य आहे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणे जग देवाने स्वेच्छेने निर्माण केलं. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ जॉन फिलोपोनस या मुद्द्यावर ॲरिस्टॉटलवर तुटून पडला, आणि भांडता भांडता पदार्थविज्ञानातही शिरला. वजनात पुष्कळ फरक असलेल्या दोन वस्तू उंचावरून सोडल्या तर पडायच्या वेळेत फरक अगदी किरकोळ येतो, असं त्याने लिहिलं. गॅलिलिओच्या लेखनात त्याचं नाव येतं.

पॅरिसचे बिशप एतिएन तांपिए यांनी ७ मार्च १२७७ रोजी २१९ विधानांवर बंदी घातली. देवाला अनेक जगं निर्माण करता येणार नाहीत, हे त्यातलं एक. ग्रीक तर्काने देवाचे हात बांधायचे नाहीत, असा बंदीचा रोख होता. हेतू धार्मिक, आणि तऱ्हा दडपशाहीची. परिणाम मात्र विचित्र झाला. ॲरिस्टॉटलने अशक्य ठरवलेल्या गोष्टींची कल्पना करून बघायला पंडितांना मोकळीक मिळाली. निकोल ओरेमने १३७७ मध्ये, पृथ्वी स्वतःभोवती फिरत असेल का, याचा सविस्तर ऊहापोह केला आणि शेवटी पृथ्वीला स्थिरच ठेवलं. फ्रेंच इतिहासकार पिएर दुएम तर १२७७ लाच आधुनिक विज्ञानाचा जन्म मानत असे. हे फारच ताणलेलं आहे. आर्किमिडीज ख्रिस्ती नव्हता, आणि इब्न अल-हैथमने प्रकाशाचे प्रयोग केले ते कैरोत. पण जग वेगळंही असू शकलं असतं, म्हणून ते कसं आहे हे जाऊन बघावं लागेल, या वृत्तीला त्या भांडणाने बळ दिलं एवढं नक्की.

वायादोलिदची सुनावणी

आता हा दावा पुस्तकांबाहेर येतो. ॲरिस्टॉटलचं मत होतं, की काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात. १५५० मध्ये स्पेनच्या राजाने वायादोलिदला पंडितांचं मंडळ बसवलं. प्रश्न: अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर युद्ध लादणं न्याय्य आहे का? होय म्हणणारा सेपूल्वेदा हा ॲरिस्टॉटलच्या राज्यशास्त्राचा लॅटिन भाषांतरकार; ही माणसं निसर्गतः गुलाम, असं त्याने मांडलं. समोर होता बार्तोलोमे दे लास कासास, डॉमिनिकन भिक्षू आणि बिशप. ही माणसं बुद्धी असलेली, पूर्ण माणसं आहेत, आणि ख्रिस्त त्यांच्यासाठीही मेला, असा त्याचा युक्तिवाद.

इथे श्रद्धा चांगली आणि ग्रीक वाईट असा निकाल द्यायचा मोह होतो. तो आवरावा. चौथ्या शतकात निसाच्या ग्रेगरीने गुलामगिरीवर घणाघाती प्रवचन दिलं होतं, पण तो अपवाद. ऑगस्टीनने गुलामगिरी पापाचं फळ म्हणून चालवून घेतली. तरुणपणी लास कासास स्वतः रहिवाशांकडून वेठबिगारी करून घेत होता, आणि त्यांच्याऐवजी आफ्रिकी गुलाम आणा असंही त्याने सुचवलं होतं, ज्याचा त्याला नंतर पश्चात्ताप झाला. शिवाय सर्व माणसांत एकच बुद्धी आहे हा मुद्दा मुळात स्टोइकांचा. म्हणजे लास कासासच्या वकीलपत्रावरही ग्रीक सही होतीच. पंचांनी स्पष्ट निकाल दिलाच नाही. दोघेही आपण जिंकलो असं सांगत घरी गेले.

पहिलं कलम

१९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिला जात होता तेव्हा हेच पक्षकार पुन्हा टेबलावर आले, पण या वेळी इतरही होते. लेबनॉनचे चार्ल्स मलिक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. चीनचे पी. सी. चांग कन्फ्यूशियसच्या परंपरेतून बोलणारे. भारताच्या हंसाबेन मेहता, ज्यांच्या आग्रहाने 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघणारे शब्द जाऊन 'सर्व मानव' असे शब्द आले. मसुद्यात माणसाचं लक्षण म्हणून बुद्धी होती. बुद्धी एकटी पुरणार नाही, माणसाला दुसऱ्या माणसाची जाणीव हवी, असं चांग म्हणाले आणि तिच्या जोडीला सदसद्विवेक आला. पॅरिसच्या चर्चेत ब्राझीलने सुचवलं, की माणूस देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला असं लिहा. चांग यांनी विरोध केला. आमच्या परंपरा वेगळ्या आहेत, हा जाहीरनामा सगळ्यांचा आहे. देव गेला. मग मसुद्यात 'निसर्गतः' हा शब्द उरला होता, त्यावरही हरकत आली आणि तोही गेला.

माणसांना बुद्धी आणि सदसद्विवेक लाभलेले आहेत, एवढं पहिल्या कलमात राहिलं. कुणाकडून, हे लिहिलेलं नाही. १० डिसेंबर १९४८ रोजी ४८ विरुद्ध शून्य मतांनी जाहीरनामा मंजूर झाला. आठ देश तटस्थ राहिले.